हात मांडीवर ठेवून

ऑक्टोबर ते एप्रिल या महिन्यांत दर पंधरवड्याला शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमारास मी मेलबर्नमधल्या आमच्या घरातून निघते आणि पोर्ट फिलिप उपसागराच्या काठावरच्या एका लहानशा सेलिंग क्लबात जाते. तिथे वीस-बावीस स्वयंसेवक जमतात आणि अपंग व्यक्तींना शिडाच्या होडीतून समुद्रावर फिरवून आणतात, असे मी पहिल्या वर्षी मालवणला आईला फोनवर सांगत असे. आता तसे सांगत नाही. ज्याला होडी चालवायची आहे त्याला ती स्वतः चालवता यावी, एवढीच तजवीज आम्ही करतो. बोलताना हा फरक एका क्रियापदाचा वाटतो, पण तो माझ्या हातांच्या अंगवळणी पडायला अख्खा एक हंगाम गेला.

क्लबात येणाऱ्या या मंडळींना ‘सेलर’ म्हणतात. पाहुणे म्हणत नाहीत, रुग्ण म्हणत नाहीत, आणि आपल्याकडच्या निमंत्रणपत्रिकांवर हमखास दिसणारा ‘लाभार्थी’ हा शब्द तर तिथे कोणाच्या मनातही येणार नाही. धक्क्यावर एक जाड वही असते. तिच्यात प्रत्येक होडीसमोर सुकाणू कोणाकडे, सोबत कोण, सुटण्याची वेळ, परतण्याची वेळ आणि वाऱ्याची दिशा असे रकाने आखलेले असतात. सुकाणूच्या रकान्यात नाव सेलरचे, आणि सोबतीच्या रकान्यात आमच्यापैकी कोणाचे तरी.

या कामाला सेलॅबिलिटी म्हणतात. ब्रिटनमधून ही कल्पना ऑस्ट्रेलियात आली, इथल्या किनाऱ्यांवर आणि तळ्यांवर तिच्या शाखा निघाल्या, आणि त्या जवळजवळ पूर्णपणे स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. मात्र माझ्या मते स्वयंसेवकांइतकेच श्रेय एका होडीला द्यायला हवे. ख्रिस मिचेल या ऑस्ट्रेलियन आरेखकाने ती बनवली. पूर्वी तिला ‘ॲक्सेस’ म्हणत, आता ‘हान्सा’ म्हणतात. आमच्या क्लबात आहे ती हान्सा ३०३, म्हणजे तीन मीटर तीन सेंटिमीटर लांबीची. नेहमीच्या लहान शिडाच्या होडीत माणसाला सतत हलावे लागते: वारा येतो त्या बाजूच्या काठावर जाऊन बसायचे, दिशा बदलली की शिडाच्या आडव्या दांड्याखालून वाकून दुसऱ्या काठाला सरकायचे, आणि अंगाचे वजन बाहेर टाकून होडी सावरायची. ज्याचे पाय चालत नाहीत किंवा ज्याला पोटाच्या स्नायूंवर ताबा नाही, त्याचा प्रवास तिथेच संपतो. हान्सामध्ये दोघेजण शेजारी शेजारी, तोंड पुढे करून, झोळीसारख्या कापडी आसनांत अगदी तळाशी बसतात आणि परत येईपर्यंत जागचे हलत नाहीत. होडी सावरून धरण्याचे काम तळाच्या मधून पाण्यात सोडलेले, सुमारे तीस किलो वजनाचे पाते करते. सुकाणूसाठी दोन आसनांच्या मधोमध एक उभा दांडा असतो. उजवीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, डावीकडे ढकलला की डावीकडे. शीड डोलकाठीभोवतीच गुंडाळले जात असल्यामुळे वारा वाढला तर बसल्या जागेवरून दोरी ओढून ते लहान करता येते. ज्यांच्या हातात दांडा धरण्याइतकीही ताकद नाही त्यांच्यासाठी विजेवर चालणारी जोडणी मिळते, आणि मग बोटभर लांबीची एक कांडी हनुवटीने हलवूनही होडी चालते.

होडी कितीही चांगली असली तरी चाकांच्या खुर्चीतून तिच्यात उतरणे हा दिवसातला सर्वांत अवघड भाग असतो. आमच्या तरंगत्या धक्क्यावर हातपंपाने चालणारी हॉइस्ट आहे: एक खांब, त्याला चहूकडे फिरणारा आडवा हात, आणि हाताच्या टोकाला झोळी अडकवण्याचे आकडे. सेलर खुर्चीत बसलेला असतानाच झोळी त्याच्या पाठीमागून खाली सरकवायची, तिचे दोन फाटे मांड्यांखालून पुढे काढायचे, चारही पट्टे आकड्यांत अडकवायचे, आणि प्रत्येक पट्टा दोघांनी वेगवेगळा तपासायचा. मग एकजण पंप मारतो, दुसरा सेलरचे गुडघे धरतो, तिसरा धक्क्यावर पालथा पडून होडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवतो. बोलायचे मात्र एकानेच. बाकीच्यांनी अगदी चांगल्या हेतूनेही ‘सावकाश’, ‘जरा इकडे’ असे काही म्हणायचे नाही, कारण त्या क्षणी एक माणूस पाण्याच्या वर अधांतरी असतो आणि त्याच्या कानावर एकच आवाज पडायला हवा. आता वर घेतोय, आता फिरवतोय, आता पाय होडीत, असे तो आवाज प्रत्येक हालचालीच्या आधी सांगतो. पहिल्यांदा येणाऱ्यांची मूठ पट्ट्यावर इतकी आवळलेली असते की बोटांची पेरे पांढरी पडतात. पाठ आसनाला टेकते, पट्टे सैल होतात, आणि ती मूठ हळूहळू सुटते. सहा वर्षांत मी हे शेकडो वेळा पाहिले आहे, आणि तरीही त्या क्षणी माझे लक्ष दुसरीकडे जात नाही.

त्याआधीची तपासणी बाहेरून दिसत नाही, पण तिच्यात चूक झाली तर ती महागात पडते. मणक्याला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या भागात स्पर्श कळत नाही, म्हणजे आसनाखाली राहिलेली बकल किंवा दोरीची गाठ पाऊणतास रुतत राहिली तरी त्याला पत्ता लागत नाही, आणि त्यातून झालेली जखम भरायला महिने लागतात. इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर आणखी एक धोका असतो: लघवीची नळी कुठे दुमडली किंवा लाइफ जॅकेटचा मांडीखालचा पट्टा जास्त आवळला गेला, तर एवढ्याशा कारणाने रक्तदाब एकदम भयंकर चढू शकतो. अशा सेलरला इजेच्या खालच्या भागात घामही नीट येत नाही, त्यामुळे उन्हाच्या दिवशी टोपी भिजवून देणे आणि वेळेत परत आणणे ही चैनीची बाब राहत नाही. या गोष्टी डॉक्टरांकडून शिकाव्या लागतात असे मला वाटत असे. प्रत्यक्षात त्या मला सेलर मंडळींनीच शिकवल्या, कारण स्वतःच्या शरीराची माहिती त्यांच्याइतकी कोणालाच नसते. आता मी अंदाज बांधत नाही, सरळ विचारते. कुठे धरू, कुठे धरू नको, कोणती बाजू दुखते, काय झाले तर लगेच परत यायचे.

माझ्या हातून झालेली चूक त्या पहिल्या हंगामातली, दुसऱ्याच महिन्यातली आहे. माझ्यासोबत साठीच्या एक बाई होत्या. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार होता, आणि तरुणपणी त्यांनी मोठ्या शिडांच्या बोटींवरून भरपूर समुद्र पाहिला होता. वाऱ्याचा एक झोत आला, होडी एका अंगावर कलली, आणि काही विचार करण्याआधीच मी त्यांच्या हातावर हात ठेवून दांडा धरला. होडी सरळ झाली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी शांतपणे विचारले, “मी मदत मागितली होती का?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या म्हणाल्या, “सकाळपासून रात्रीपर्यंत कोणी ना कोणी माझ्या अंगाला हात लावत असते. उठवायला, बसवायला, अंघोळ घालायला. ती माणसे चांगली आहेत. पण पाऊणतास तरी कोणी हात लावू नये, म्हणून मी इथे येते.”

त्या दिवसापासून होडीत बसले की मी दोन्ही हात मांडीवर ठेवते. हे वाटते तितके सोपे नाही. होडी कलते, शीड फडफडू लागते, दिशा चुकते आहे हे स्पष्ट दिसत असते, आणि हात आपोआप उचलले जातात. ते खाली दाबून धरायचे. समोर दुसरी होडी किंवा खडक आला तर आधी तोंडाने सांगायचे, आणि हात शेवटी. नवीन स्वयंसेवकांना दोऱ्यांच्या गाठी मी अर्ध्या तासात शिकवू शकते, हॉइस्ट दोन शनिवारांत, पण हे शिकवायचे कसे ते मला अजून नीट उमगलेले नाही. बहुधा प्रत्येकाला आपल्या चुकीतूनच जावे लागते, आणि ती चूक सहन करण्याचा भार प्रत्येक वेळी कोणातरी सेलरवर पडतो, याचे मला वाईट वाटते.

कोणी म्हणेल की ज्याचे हातच चालत नाहीत त्याच्या बाबतीत हे सगळे बोलणे व्यर्थ आहे. त्यांना मी हिलरी लिस्टर यांच्याविषयी सांगते. मानेखालच्या शरीराची हालचाल गेलेल्या या ब्रिटिश बाई तोंडातल्या नळ्यांत हवा फुंकून आणि ओढून शीड आणि सुकाणू चालवत. २००५ मध्ये त्यांनी इंग्लिश खाडी एकट्याने पार केली, २००९ मध्ये ब्रिटनला प्रदक्षिणा घातली, आणि २०१४ मध्ये ओमानच्या एका सहकारी महिलेबरोबर अरबी समुद्र ओलांडला. त्या प्रवासाची सुरुवात आपल्या मुंबईतून झाली होती आणि शेवट मस्कतला झाला. मुंबईच्या बंदरातून एक बाई श्वासाच्या जोरावर होडी हाकत निघाली, ही गोष्ट मला मराठीत फारशी कुठे वाचायला मिळाली नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. त्या २०१८ मध्ये वारल्या.

शिडाच्या होड्यांची शर्यत पॅरालिम्पिकमध्ये १९९६ साली अटलांटाला प्रात्यक्षिक म्हणून झाली, २००० साली सिडनीपासून तिला पदके मिळू लागली, आणि २०१६ च्या रिओनंतर ती वगळण्यात आली. डॅनियल फिट्झगिबन आणि लीसल टेश या ऑस्ट्रेलियन जोडीने २०१२ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन सुवर्णपदके मिळवली होती, त्यामुळे इथल्या क्लबांना तो निर्णय फार लागला. हा खेळ पुरेशा देशांत खेळला जात नाही, असे कारण दिले गेले. निर्णय मला पटत नाही, पण कारण खोटे आहे असेही म्हणवत नाही. होड्या, तरंगता धक्का, हॉइस्ट, बचावाची मोटरबोट आणि दर पंधरवड्याला न चुकता येणारी वीस माणसे, हे सगळे एकत्र असलेले देश खरोखरच थोडे आहेत.

त्यातली शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मीळ आहे. आमच्या क्लबातले बहुतेक स्वयंसेवक निवृत्त आहेत. एक सुतारकाम करायचे, एक गणित शिकवायच्या, एक ट्राम चालवायचे. त्यांच्यातले निम्मे लोक दिवसभरात होडीत बसतच नाहीत. कोणी मोटरबोटीवर पहारा देतो, कोणी धक्क्यावर खुर्च्या ओळीने लावून त्यांचे ब्रेक तपासतो, कोणी सेलरच्या आईशी किंवा नवऱ्याशी बोलत बसतो, कारण तो पाऊणतास त्यांच्याही आठवड्यातला एकमेव मोकळा वेळ असतो. दुपारी सगळ्या होड्या गोड्या पाण्याने धुवायच्या, झोळ्या वाळत घालायच्या, एखादा पट्टा उसवलेला दिसला तर ती झोळी बाजूला काढून ठेवायची. मुलांसोबत काम करायचे तर व्हिक्टोरिया राज्याची पडताळणी करून घ्यावी लागते. ती स्वयंसेवकांना मोफत असते आणि पाच वर्षे चालते. वारा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर सकाळीच कार्यक्रम रद्द होतो, आणि पंधरा दिवस वाट पाहिलेल्या माणसाला फोन करून तसे सांगणे हे सर्वांत नकोसे काम आमच्यातले एक आजोबा गेली कित्येक वर्षे स्वतःकडे घेऊन बसले आहेत. ते कोणालाही निरोप पाठवत नाहीत, प्रत्येकाशी बोलतात.

आपल्याकडे असे काही होईल का, हा प्रश्न मी मालवणची असल्यामुळे मला वारंवार पडतो. पाण्याचे आणि अपंगत्वाचे नाते आपल्याला नवीन नाही. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले, आणि १९७२ मध्ये हायडलबर्गला ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. स्फोटात पाय गमावलेले जवान नारायण कोंगनापल्ले पुण्याच्या लष्करी रोइंग केंद्रात वल्ही मारायला शिकले आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत अनिता यांच्यासोबत रौप्यपदक घेऊन आले. पण पदकाच्या मागे नसलेल्या, नुसती शनिवारची सकाळ पाण्यावर घालवावी असे वाटणाऱ्या माणसासाठी काय, हे मला विचारायचे आहे. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये चाकांच्या खुर्चीसाठी वाळूवरून लाकडी मार्ग बांधला गेला, आणि पंधरवड्यातच मंदौस चक्रीवादळाने त्याची मोडतोड केली. तो दुरुस्त झाला, ही मला त्यातली सर्वांत महत्त्वाची बातमी वाटते. समुद्राकाठी बांधलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा दुरुस्त करावीच लागते, आणि ती करणारी माणसे तिथे टिकली तरच उद्घाटनाच्या फितीला काही अर्थ राहतो.

लहानपणी सिंधुदुर्ग किल्ल्यात जाताना माझ्या आजीला दोघा खलाशांनी खुर्चीसकट उचलून होडीत ठेवले होते. त्यांनी ते फार मायेने केले, पण आजी परत कधी किल्ल्यात आली नाही. तिला कोणाकडून उचलून घ्यायचे नव्हते. गेल्या वेळी मी घरी गेले तेव्हा मी धक्क्यावर उभी राहून हिशेब केला. पोर्ट फिलिपमध्ये भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो, म्हणून आमच्या तरंगत्या धक्क्याचा उतार दिवसभर जवळपास तसाच राहतो. मालवणला उधाणाच्या दिवशी पाणी दोनेक मीटर चढते-उतरते. चाकांच्या खुर्चीला बारास एक एवढाच उतार झेपतो, म्हणजे ओहोटीच्या वेळीही खाली जाता यावे तर चोवीस मीटर लांबीचा पूल हवा. भांगाच्या दिवसांत, सप्तमी-अष्टमीच्या आसपास, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तेवढेच दिवस धरले तर त्याहून बराच लहान पूल पुरेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे वेळापत्रक कालनिर्णयावरून लावता येईल. हा हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे आणि गावातल्या दोघा होडीवाल्यांना दाखवलाही आहे. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो हॉइस्टच्या आकड्यांना गंज लागू नये म्हणून काय करता हा, आणि त्या प्रश्नाने मला खूप धीर आला.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या क्लबात पहिल्यांदाच एक मराठी सेलर आले. देवगडकडचे काका, वय एकाहत्तर, मुलाकडे राहायला आलेले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन त्यांची डावी बाजू गेली होती. वाचा शाबूत होती, पण ते बोलणेच सोडून बसले आहेत, असे मुलाने मला बाजूला घेऊन सांगितले. आम्ही त्यांना डाव्या आसनात बसवले, म्हणजे मधला दांडा त्यांच्या चालत्या उजव्या हाताशी आला. अशा झटक्यानंतर पुष्कळदा डावीकडचे जग लक्षातच येत नाही, म्हणून डावीकडे काय आहे ते सांगत राहणे एवढेच माझे काम होते. पहिली वीस मिनिटे मी एकटीच बोलत होते. डावीकडे तांबडा बोया, काका. डावीकडून मोटरबोट जातेय. ते मान हलवत आणि दांडा अगदी थोडा, लागेल तेवढाच ढकलत. त्यांच्या वडिलांचा मचवा होता आणि तो मंगळूरहून कौले आणत असे, हे मला नंतर त्यांच्या मुलाकडून कळले.

साडेअकराच्या सुमारास सकाळचा उत्तरेचा वारा पडला. शीड लोंबू लागले, होडी जागीच डोलत राहिली. माझा हात दोरीकडे जाणार होता. मी तो मांडीवरच ठेवला. काका दक्षिणेकडे पाहत होते. तिकडे, बऱ्याच लांब, पाण्यावर एक काळसर पट्टा उमटला होता. मी तोवर तो पाहिलाच नव्हता.

“वारो फिरलो गो, बाय,” ते म्हणाले.

शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे ते हेच. पट्टा आमच्यापर्यंत पोहोचायच्या आत काकांनी होडीचे तोंड वळवून ठेवले होते, आणि वारा शिडात भरला तेव्हा ती जागच्या जागी हिसका न खाता सरळ चालू लागली. धक्का येईपर्यंत मी एकदाही दोरीला हात लावला नाही. हॉइस्टने त्यांना खुर्चीत बसवल्यावर मी वही भरायला घेतली, तर त्यांनी उजवा हात पुढे करून माझ्याकडचे पेन मागितले. वेळ लिहिली, आणि वाऱ्याच्या रकान्यात, वरखाली इंग्रजीतल्या नोंदींच्या मध्ये, देवनागरीत ‘नैऋत्य’ असे लिहिले. क्लबाच्या वहीत ते तसेच आहे.